झाडावर चढायचं यंत्र घेण्याआधी दोर मोजा

एप्रिल उजाडला की छाटणीची कामं अंगावर येतात आणि त्याच सुमारास नव्या मुलांचे फोन सुरू होतात. विचारणं बहुतेक एकच असतं: "दादा, कुठलं डिव्हाइस घेऊ?" म्हणजे दोराला पकडून माणसाला धरणारं यंत्र. मी उलट विचारतो, दोर किती मिलिमीटर जाडीचा आहे? उत्तर येतं, "अकराचा असेल." त्या "असेल"पाशी मी थांबतो. दोराने झाडावर चढण्याच्या कामात यंत्र एकटं कधीच धरत नाही. यंत्र, दोर, तुमचं वजन आणि वरची फांदी मिळून धरतात. त्यातला दोर ठरल्याशिवाय यंत्राची चर्चा करण्यात अर्थ नाही.

आमच्या गटातल्या एका मुलाने परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून महागडं यंत्र मागवलं. त्याच्याकडचा दोर साडेदहा मिलिमीटरचा, यंत्र मात्र त्याहून जाड दोरासाठी बनवलेलं. पहिल्या दिवशी जमिनीपासून हातभर उंचीवर लटकून बघायचा आमचा नियम आहे, म्हणून तो नुसता टाचांवर आदळला. यंत्र पकडायच्या ऐवजी सरकत खाली आलं होतं. हेच दहा मीटरवर घडलं असतं तर काय, हे त्यालाही कळलं आणि आम्हालाही. पुढे लिहिलेला क्रम त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगतो.

आधी झाड बघा

कुठल्या झाडांवर तुमचं वर्षाचं काम चालतं, ते कागदावर लिहा. आपल्या शहरांत रस्त्याकडेला पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, वड आणि पिंपळ भरपूर आहेत. पर्जन्यवृक्षाची फांदी आडवी पसरते, दहा-बारा मीटर लांबसुद्धा जाते. तिच्या टोकाशी वाळकी डहाळी काढायची तर फांदीवरून चालत जावं लागतं, आणि जाताना दोर सतत थोडा सोडावा, थोडा घ्यावा लागतो. इथे एका हाताने सहज सैल होणारं आणि लगेच पकडणारं साधन लागतं. सिल्व्हर ओक किंवा निलगिरी हे सरळ उंच जाणारं काम. तिथे आडवं चालणं कमी, चढणं जास्त, म्हणून दम वाचवणारी पद्धत महत्त्वाची.

नारळाचा विचार वेगळा करा. त्याला बेचकं नाही, वर दोर टाकायला भरवशाची जागा नाही, आणि वाळक्या झावळीच्या देठावर वजन टाकणं म्हणजे अपघाताला बोलावणं. तिथे खोडाभोवती फिरवायचा, आत तार असलेला लॅन्यार्ड, म्हणजे कमरेला अडकवायचा आखूड दोरच, मुख्य साधन ठरतो. या लेखातली बहुतेक यंत्रं नारळासाठी नाहीत.

आणखी एक गोष्ट परदेशी पुस्तिकांत फारशी सापडत नाही, पण आपल्याकडे ती रोजची आहे. मोठ्या वड-पिंपळावर आग्या माश्यांची पोळी असतात, आंब्यावर लाल मुंग्यांची घरटी. माश्या उठल्या तर दहा सेकंदांत खाली यायला सुरुवात झाली पाहिजे, तीही एका हाताने, कारण दुसरा हात तोंडावर असणार. उतरायला दोन्ही हात लागणारं किंवा आधी काहीतरी खोलावं लागणारं साधन मी म्हणूनच नाकारतो.

हलता दोर की स्थिर दोर

सगळी साधनं या दोन पद्धतींपैकी एकीसाठी किंवा दोन्हींसाठी बनलेली असतात. हलत्या दोराच्या पद्धतीत, म्हणजे एमआरएसमध्ये, दोर फांदीवरून जाऊन परत तुमच्याकडे येतो आणि तुम्ही चढाल तसा तो फांदीवरून फिरतो. एक टोक हार्नेसला, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांना, बांधलेलं, दुसऱ्या बाजूवर गाठ किंवा यंत्र. तुमचं वजन दोन बाजूंत वाटलं जातं, म्हणून ओढायला हलकं. पण एक मीटर वर जायला दोन मीटर दोर ओढावा लागतो. पंधरा मीटरवरच्या बेचक्यासाठी तीस मीटरहून जास्त दोर हवाच. पंचेचाळीस मीटरचा दोर घेतला की बहुतेक झाडं भागतात.

दोर सालीवर घासू देऊ नका. साल सोलते, झाडाला जखम होते, दोर झिजतो आणि घर्षणात तुमचीच ताकद जाते. दोन कड्यांचा कॅम्बियम सेव्हर फांदीवर अडकवून त्यातून दोर न्या. हा खर्च टाळून कोणी महागडं यंत्र घेत असेल तर मी त्याला आधी हे घ्यायला लावतो.

स्थिर दोराच्या पद्धतीत, एसआरएसमध्ये, दोर जागचा हलत नाही. वर फांदीला किंवा खाली खोडाला बांधून ठेवतात आणि आपण त्यावर चढतो. पायाला फूट असेंडर (दोरावर फक्त वर सरकणारी पकड), गुडघ्याला दुसरा, की जिना चढल्यासारखं वर जाता येतं. उंच झाडावर हा फरक संध्याकाळी खांद्यांना कळतो.

मात्र इथे एक हिशेब आहे, आणि तो चुकला तर फांदी मोडते. दोर फांदीवरून नेऊन खोडाच्या बुडाला बांधला, की त्या फांदीवर तुमच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो: एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला तेवढाच ताण. अवजारांसकट नव्वद किलोचा माणूस असेल तर घर्षणातला थोडा भाग वजा जाता एकशे ऐंशी किलोपर्यंत. गुलमोहरासारख्या ठिसूळ लाकडाच्या झाडावर हे विसरायचं नाही. चढण्याआधी दोन माणसांनी मिळून दोराला लटकून बघा, आणि फांदीकडे बघण्याबरोबर तिचा आवाजही ऐका.

बुडाशी बांधलेल्या दोराचा एक धोका आणि एक मोठा फायदाही आहे. धोका असा की खाली चेनसॉ चालवणारा माणूस चुकून तोच दोर कापू शकतो. म्हणून तिथे रंगीत फडकं बांधा आणि खालच्या माणसांना हाताने दाखवून सांगा. फायद्याचं शेवटी बोलू.

मग दोर

झाडकामात घेतात तो कमी ताणला जाणारा दोर. युरोपीय मानक ईएन १८९१ मध्ये त्याचे दोन प्रकार आहेत, आणि आपल्याला त्यातला ए प्रकार हवा. त्याची किमान ताकद २२ किलोन्यूटन, म्हणजे साधारण बावीसशे किलो. अमेरिकेच्या झेड-१३३ मानकात चढण्याच्या दोराची ताकद किमान ५,४०० पौंड, म्हणजे सुमारे २४ किलोन्यूटन मागितली आहे. गिर्यारोहणाचा ताणणारा डायनॅमिक दोर इथे चालत नाही. त्यावर चढताना निम्मी मेहनत ताण काढण्यातच जाते आणि काम करताना माणूस वर-खाली होत राहतो.

आपल्या बाजारात सहज मिळतो तो साडेदहा किंवा अकरा मिलिमीटरचा दोर, कारण इमारतींच्या काचा धुणारे आणि कारखान्यात दोरावर काम करणारे तोच वापरतात. झाडासाठी बनलेली अनेक यंत्रं मात्र जाड दोर मागतात. उदाहरणार्थ पेट्झल कंपनीचं झिगझॅग हे यंत्र ११.५ ते १३ मिलिमीटरच्या दोरासाठी आहे. त्याच कंपनीचं रिग हे यंत्र १०.५ ते ११.५ साठी. यंत्रावर कोरलेला हा आकडा सल्ला नाही, अट आहे. दोराचा आकडा त्याच्या टोकाच्या पट्टीवर किंवा पावतीवर असतो. दोर जुना असेल तर कॅलिपरने तीन-चार ठिकाणी मोजा. वापरलेला दोर फुगतो किंवा चपटा होतो.

पावसाळ्यात नायलॉन पाणी पितं, जास्त ताणतं आणि त्याची ताकदही काहीशी घटते. पॉलिस्टर यात बरंच स्थिर राहतं. जून ते सप्टेंबर काम करणार असाल तर पॉलिस्टरचं आवरण असलेला दोर घ्या. ओला दोर उन्हात टाकू नका, पंख्याखाली सावलीत वाळवा.

पहिलं यंत्र म्हणजे गाठ

माझं ठाम मत आहे की पहिलं वर्ष गाठीवर काढावं. गाठ हाताला घर्षण शिकवते. किती ओढलं की सुटते, किती सोडलं की पकडते, ओल्या दोरावर कशी चिकटते, हे बोटांना एकदा कळलं की पुढे कुठलंही यंत्र हातात घेतलं तरी ते काय करतंय ते समजतं. आणि यंत्र बिघडलं, हातातून पडलं, तर खाली उतरायला गाठच उरते.

ब्लेकची गाठ सर्वात सोपी, कारण तिला वेगळी दोरी लागत नाही, दोराच्या शेपटानेच ती बांधता येते. ऑस्ट्रियाच्या हाइन्झ प्रोहास्का यांनी ती १९८१ मध्ये मांडली होती. झाडकाम करणाऱ्यांत ती पसरली ती अमेरिकेतल्या जेसन ब्लेक यांच्यामुळे, १९९४ नंतर. तिचा दोष एकच, की वेगाने उतरलं तर एकाच जागी तापते आणि दोर चकचकीत, कडक होतो. असा काचेसारखा झालेला भाग दिसला की तो कापून टाकायचा.

त्यापुढची पायरी म्हणजे दोन्ही टोकांना डोळे, म्हणजे पक्के फासे, शिवलेली वेगळी दोरी, आठ किंवा दहा मिलिमीटरची, आणि तिने बांधलेली डिस्टेल किंवा व्हीटी ही गाठ. डिस्टेल शिकायला बरी, पकड स्पष्ट. व्हीटी जास्त मऊ चालते, पण वेढे किती घ्यायचे हे तुमचं वजन आणि दोर यांवर ठरतं. सत्तर किलोच्या माणसाची व्हीटी नव्वद किलोच्या माणसाने तशीच वापरू नये. गाठीखाली छोटी कप्पी ठेवली की सैल दोर एका हाताने ओढला जातो. एवढ्या साध्या जोडणीवर अनेक कसलेले चढणारे आयुष्यभर काम करतात.

दोरी घेताना उष्णतेकडे बघा. पॉलिस्टर साधारण २५० अंश सेल्सियसला वितळतं, टेक्नोरासारखा अरामिड धागा ५०० अंशांच्या जवळ जाईपर्यंत टिकतो. मात्र अरामिडला सतत वाकवणं आणि ऊन सोसत नाही, बाहेरून चांगला दिसत असताना आतून तो तुटत जातो. म्हणून ही दोरी स्वस्त आणि बदलायचीच वस्तू समजा. रोज काम असेल तर मी काही महिन्यांत बदलतो, थोडी शंका आली तर त्याच दिवशी.

एक धोक्याची सूचना. हीच गाठ स्थिर दोरावर नुसती बांधून उतरू नका. हलत्या दोरात गाठीवर तुमचं निम्मंच वजन असतं. स्थिर दोरावर ते पूर्ण येतं, गाठ घट्ट आवळते आणि सुटली तर एकदम सुटते. म्हणूनच स्थिर दोरावर गाठीच्या वर रोप रेंच लावतात. ते दोराला किंचित वाकवून घर्षणाचा वाटा स्वतःकडे घेतं आणि गाठ पुन्हा हाताला ऐकू लागते. अमेरिकेतल्या केव्हिन बिंगहॅम यांची ही कल्पना, आणि माझ्या मते पैशाच्या मानाने याहून उपयोगी वस्तू नाही.

आता यंत्रं

झिगझॅग ही गाठीची धातूतली आवृत्ती समजा. कड्यांची साखळी दोरावर आवळते, वरचा खटका दाबला की सुटते. उतरणं अतिशय गुळगुळीत आणि दर वेळी सारखं. मुळात ते हलत्या दोरासाठी आहे. स्थिर दोरावर वापरायचं तर त्याच कंपनीचं शिकेन हे जोडसाधन त्याच्यावर लावावं लागतं. दोर टोकाकडून ओवावा लागतो, मधूनच लावता येत नाही. आडव्या पर्जन्यवृक्षांवर दिवसभर काम असलेल्यांना हे आवडतं.

रोप रनर, युनिसेंडर आणि अकिंबो ही दुसरी जात. ती दोन्ही पद्धतींत चालतात आणि दोराच्या मधेच लावता-काढता येतात. चढताना स्थिर दोर, वर गेल्यावर हलता, असं ज्यांना सारखं बदलावं लागतं त्यांच्यासाठी ही सोय मोठी. किंमत मोजावी लागते ती जुळवणीत. प्रत्येक दोरावर, प्रत्येक वजनाला ती वेगळी वागतात. अकिंबोत घर्षण कमी-जास्त करायची सोय आहे, पण ती तुमच्या दोरावर लावून घेण्यात दोन-तीन दिवस जातात. नवीन दोरावर नीट चालणारं यंत्र जुन्या, केसाळ दोरावर अडखळतं, ओल्यावर सरकू शकतं. पहिल्या पावसात जमिनीलगत पुन्हा तपासून मगच वर न्या.

तर निवड कशी करायची? एकट्याच्या जोरावर काम सुरू करत असाल, तर चांगला दोर, कॅम्बियम सेव्हर, दोन-तीन गाठीच्या दोऱ्या आणि कप्पी घ्या. उंच चढण वाढली की रोप रेंच आणि फूट असेंडर. वर्षभर रोजचं काम मिळतंय आणि खांदे दुखतायत असं झालं की यंत्र. या क्रमात उलटं जाणाऱ्यांचे पैसे बहुतेक दोनदा खर्च होतात.

जे घेऊ नये, किंवा यासाठी घेऊ नये

गिर्यारोहणाच्या दुकानात ग्रीग्री लगेच मिळतं. ते साथीदाराला बिले देण्यासाठी, म्हणजे त्याचा दोर सांभाळण्यासाठी आहे, ८.५ ते ११ मिलिमीटरच्या दोरावर. त्यावर झाडात दिवसभर लटकून चेनसॉ चालवणं हे त्याचं काम नाही.

दातेरी कॅमचे (दोर दाबून धरणाऱ्या तुकड्याचे) हात असेंडर चढायला मदत करतात, पण त्यांच्यावर पडायचं नाही. दोर सैल असताना धक्का बसला तर साधारण ४ ते ६ किलोन्यूटनला दाते दोराचं आवरण फाडतात. त्यामुळे असेंडर हा तुमचा एकमेव आधार कधीच नसावा. पायातला पॅन्टिनसारखा असेंडर तर सुरक्षा साधनच नाही, हे बनवणारेच सांगतात. तो फक्त पाय टेकवायला.

पेट्झलची आयडी, रिग यांसारखी औद्योगिक डिसेंडर, म्हणजे दोरावरून उतरायची यंत्रं, उत्तम आहेत, पण फांदीवरून पुढे चालताना सैल दोर घेणं-सोडणं त्यांत जड जातं. सरळ वर, सरळ खाली असं काम असेल तर चालतील.

बांधकामावर दिसणारा, पाठीला कडी असलेला हार्नेस इथे उपयोगाचा नाही. त्यात बसून काम करता येत नाही. झाडकामाच्या हार्नेसला पुढे, पोटाशी सरकणारा पूल, म्हणजे यंत्र अडकवायची आडवी दोरी, असतो आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना लॅन्यार्डच्या कड्या. पायात रोवायचे काटे जिवंत झाडावर छाटणीसाठी वापरू नका. प्रत्येक पावलाला खोडात भोक पडतं. ते पूर्ण तोडायच्या झाडासाठी. (आणि छाटणी असो की तोड, १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष अधिनियमानुसार शहरात आधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, कागद हातात आल्याशिवाय दोर टाकू नका.)

जोडीची साधनं

कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणाऱ्या जोडकड्या, आपोआप मिटणारे आणि आपोआप लॉक होणारेच हवेत. उघडायला किमान दोन वेगळ्या, मुद्दाम केलेल्या हालचाली लागल्या पाहिजेत. मी तीन हालचालींचे घेतो. स्क्रूचे कॅराबिनर दोर घासून घासून उघडतात.

करवत किंवा चेनसॉ चालू करण्याआधी दुसरा आधार लागलेलाच असावा. ब्रिटनमधल्या २०२० च्या आचारसंहितेने तर दोन स्वतंत्र दोरांवर काम करणं हाच पाया धरला आहे. निदान चांगला लॅन्यार्ड आणि त्यावर एका हाताने सरकणारा अॅडजस्टर यांत काटकसर करू नका. चेनसॉ असेल तर आत तार असलेला लॅन्यार्ड घ्या. पण तार साखळीला थोडा वेळ थोपवते, एवढंच. वीजवाहिनीजवळ मात्र ही तारच धोका ठरते. फांद्यांतून तारा गेल्या असतील तर वीजपुरवठा बंद करून घेतल्याशिवाय चढायचं नाही, मग यंत्र कुठलंही असो.

घेताना आणि घेतल्यावर

अनोळखी विक्रेत्याकडून स्वस्तात मिळणारं नावाजलेलं यंत्र घेऊ नका. वस्तूवर अनुक्रमांक, मानकाचा आकडा आणि दोराची जाडी कोरलेली असावी, सोबत पुस्तिका असावी. वापरलेलं यंत्र घ्यायचं झालं तर अनुक्रमांक बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर तपासा. २०१३ मध्ये पेट्झलने पहिल्या पिढीची झिगझॅग परत मागवली होती, आणि परत मागवलेल्या वस्तूही पुन्हा विकायला येऊ शकतात. वापरलेला दोर, दोरी किंवा हार्नेस तर कधीच नको. कापडी वस्तूचा इतिहास डोळ्यांना दिसत नाही.

नवं यंत्र आलं की असं करा. एखाद्या आडव्या फांदीवर दोर टाका आणि पाय जमिनीला टेकतील इतक्या उंचीवर लटका. हात सोडून बघा, पकडतं का. हळू सोडा, वेगाने सोडा, मधेच थांबवा. दोर ओला करून हेच पुन्हा. मग अवजारांच्या पूर्ण वजनासकट. मग आडवं चालताना, दोर तिरका असताना. तिरक्या दोरावर पकड बदलते आणि बहुतेक जण हे तपासतच नाहीत. दोन-तीन मीटरवर निदान आठवडाभर काम केल्याशिवाय ते उंच नेऊ नका.

रोज सकाळी यंत्र हातात घेऊन खटका चालवा, कड्यांवर खोबण पडली का बघा, कडा नखाने चाचपा. पाचशे रुपयांचा ब्रश आणि साबणाचं कोमट पाणी ठेवा. राळ आणि भुसा बसला की खटका परत फिरत नाही. ब्रिटनमध्ये माणसांना उचलणाऱ्या साधनांची सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासणी सक्तीची आहे. आपल्याकडे कोणी विचारत नसलं तरी तोच काळ धरा आणि एका वहीत तारीख, दोर, यंत्र, काय दिसलं ते लिहा. मोठा धक्का बसलेली किंवा उंचावरून दगडावर पडलेली वस्तू बाजूला काढा. कापडी वस्तूंना अनेक उत्पादक जास्तीत जास्त दहा वर्षं देतात. आपल्या उन्हात रोज वापरलेली वस्तू त्याच्या जवळपासही पोहोचत नाही.

आता बुडाशी बांधलेल्या दोराचा तो फायदा. खोडाला दोर नुसता गाठीने बांधण्याऐवजी तिथे आयडी किंवा रिग लावा आणि मागे झाडाच्या उंचीइतका तरी दोर मोकळा ठेवा. वरचा माणूस माश्यांनी, उन्हाने किंवा जखमेने गळाला आणि यंत्र दोराला धरून असेल, तर खालचा माणूस त्याला जमिनीवरूनच उतरवू शकतो. झाडासाठी अपुरं वाटलेलं ते औद्योगिक यंत्र इथे नेमकं बसतं, आणि अकरा मिलिमीटरचा दोर त्याला चालतो. हे जमणार नसेल तर दुसरा दोर आधीच झाडावर टाकून ठेवा, आणि चढू शकणारा दुसरा माणूस हार्नेस घालून खाली उभा असू द्या. महिन्यातून एकदा वाळूचं पोतं वर बांधून ते खाली आणायचा सराव करा, घड्याळ लावून. आमचा पहिला सराव बावीस मिनिटांचा झाला होता, आता सहा मिनिटांत पोतं खाली येतं.